गरोदरपणातला मुतखडा : एप्रिल ते ऑक्टोबर २०२५

गरोदरपणात मुतखड्याचा त्रास झालेली बाई आपल्या ओळखीत सहसा नसते आणि असली, तरी तिच्यावर नेमके काय उपचार झाले हे तिला कोणी उलगडून सांगितलेले नसते. मला हे दुखणे झाले तेव्हा डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत हेसुद्धा सुचत नव्हते. म्हणून जे जसे घडले ते तारखांसह लिहून काढले आहे. यातली औषधे माझ्या प्रकृतीप्रमाणे ठरलेली होती, म्हणून बहुतेक ठिकाणी त्यांची नावे मुद्दाम गाळली आहेत.

आमचे गाव अमरावती जिल्ह्याच्या दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आहे. इथे बोअरला पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही. पिण्यासाठी शहानूर धरणाचे नळाचे पाणी येते, तेही रोज नाही, आणि उन्हाळ्यात वीस लिटरची कॅन विकत घ्यावी लागते. मी तालुक्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. सकाळी एसटीने निघून दुपारी परतायचे, आणि वाटेत कुठेही धड स्वच्छतागृह नाही, म्हणून घरून निघताना घोटभर पाणी प्यायचे आणि घरी येईपर्यंत तहान मारून न्यायची, ही सवय मला आणि माझ्यासोबत प्रवास करणाऱ्या बहुतेक बायकांना अनेक वर्षांची आहे. पुढे मूत्रविकारतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत विचारले, "दिवसभरात लघवीला किती वेळा जाता?" तेव्हा हीच सवय त्यांच्यासमोर सांगावी लागली. त्यांनी सगळा दोष गावच्या पाण्याला दिला नाही. खारट किंवा जड पाण्यापेक्षा कमी पाणी, सतत येणारा घाम आणि तुंबवून ठेवलेली लघवी यांवर त्यांचा रोख जास्त होता.

८ एप्रिलच्या रात्री, रामनवमी होऊन दोनच दिवस झाले होते आणि मला विसावा आठवडा चालू होता, उजव्या बरगडीखाली पाठीच्या बाजूने कळ सुरू झाली. ती कळ कमरेवरून पुढे येऊन जांघेपर्यंत उतरायची, काही वेळ थांबायची आणि पुन्हा यायची. या कुशीवरून त्या कुशीवर वळूनही आराम पडेना आणि पहाटेपर्यंत उलट्याही सुरू झाल्या. सासूबाईंनी तेल कोमट करून कंबर चोळली. "लेकरू पोटात असलं म्हणजे कंबर धरतेच वो बाई, मले तं चौथ्या महिन्यापासून धरे," असे त्या म्हणाल्या, आणि त्यांचा तो अनुभव खराही असेल. परंतु गरोदरपणातली कंबरदुखी बूड टेकले, पाय लांब केले की थोडी तरी उतरते, ही मात्र कशानेच उतरत नव्हती. माझ्या मनात एकच भीती होती की ही कळ बाळाची तर नव्हे. पोट हाताला घट्ट लागते का, अंगावरून पाणी किंवा रक्त जाते का, हे आशाताईंनी फोनवर विचारले. दोन्ही नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "वहिनी, उद्या नऊ तारीख आहे, डॉक्टर मॅडम येणारच आहेत, सकाळी पहिला नंबर लावू."

दर महिन्याच्या नऊ तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते आणि त्या दिवशी अनेक ठिकाणी स्त्रीरोगतज्ज्ञ येतात. त्यांनी आधी बाळाचे ठोके ऐकले आणि मलाही ऐकवले. त्यानंतर माझ्या उजव्या कुशीवर पाठीमागून हलकेच मूठ आपटली, तेव्हा मी ओरडलेच. लघवीच्या तपासणीत रक्तपेशी आणि पू-पेशी दोन्ही निघाल्या. अपेंडिक्स, पित्ताशयातले खडे आणि मुदतीपूर्वीच्या कळा यांची शंका तपासून झाल्यावर त्यांनी मुतखड्याचा संशय लिहिला, सलाईन लावले, उलटी थांबण्याचे इंजेक्शन दिले आणि सोनोग्राफीसाठी चिठ्ठी दिली.

त्या दिवशी सरकारी सोनोग्राफीचा वार नव्हता, म्हणून आम्ही खासगी केंद्रात गेलो. तिथे ९०० रुपये लागले. इथे एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. सोनोग्राफी मूत्रपिंडाची असली, तरी बाई गरोदर आहे म्हटल्यावर गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालचा 'एफ' फॉर्म भरावा लागतो, त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी आणि ओळखपत्र लागते, आणि बाळाचे लिंग जाणून घ्यायचे नाही असे लिहिलेल्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. चिठ्ठीवर कारण स्पष्ट नसेल तर केंद्रवाले परत पाठवतात. आमच्यापुढे बसलेल्या एका बाईला त्याच कारणाने परत जावे लागले, आणि तिचे गाव आमच्याहून लांब होते.

अहवालात उजव्या मूत्रपिंडाला सूज आणि मूत्रवाहिनीच्या वरच्या भागात ८ मिमीचा खडा असे आले. सूज या शब्दाने मी घाबरले होते. दोन दिवसांनी, ११ एप्रिलला, अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात, ज्याला सगळे नुसते 'सुपर' म्हणतात, तिथल्या मूत्रविकारतज्ज्ञांनी ती भीती बरीच कमी केली. त्यांनी कागदावर आकृती काढून सांगितले की गर्भाशय वाढताना बहुधा उजवीकडे थोडे कलते आणि संप्रेरकांमुळे मूत्रवाहिन्याही सैल पडतात. त्यामुळे गरोदरपणात उजव्या मूत्रपिंडाला थोडी सूज खडा नसतानाही येऊ शकते, आणि म्हणून नुसत्या सुजेवरून काही ठरवता येत नाही. मग त्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून मूत्राशयात उजव्या बाजूने लघवीची चिळकांडी पडते का ते पाहिले. ती पडत होती, म्हणजे वाट पूर्ण बंद झालेली नव्हती.

माझी समजूत अशी होती की खडा सापडला म्हणजे आता तो काढतील. आमच्या गल्लीत मुतखडा फोडून आलेले पुरुष आहेत, त्यांच्याकडून 'मशीनवर फोडला, संध्याकाळी घरी आलो' एवढेच ऐकलेले होते. डॉक्टरांनी सांगितले की बाहेरून लहरी सोडून खडा फोडण्याचा तो उपचार गरोदरपणात अजिबात करत नाहीत. नेहमीचा एक्स-रे आणि सीटी स्कॅनही शक्यतो टाळतात. दुर्बिणीने खडा काढणे गरोदरपणातही करता येते, पण त्यासाठी भूल द्यावी लागते, म्हणून तशी गरज पडल्याशिवाय करत नाहीत. लहान खडे, विशेषतः ५ मिमीपर्यंतचे, बहुतेक आपोआप पडतात. माझा त्याहून मोठा होता, तरीही ताप नाही, लघवी होते आहे, दुसरे मूत्रपिंड चांगले आहे, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन ठीक आहे, तोवर थांबायचे असे ठरले. म्हणजे प्रसूतीपर्यंत मूत्रपिंड आणि बाळ दोन्ही सुखरूप ठेवणे हाच उपचार होता आणि खडा हा नंतरचा विषय होता. हे मनात बसायला मला बराच वेळ लागला, आणि घरच्यांना तर त्याहून जास्त. "इतक्या दूर जाऊन नुसत्या गोळ्या घेऊन आले," असे शेजारी बोलत.

कोणत्या लक्षणाला कधी निघायचे हे मात्र त्यांनी केसपेपरच्या मागे स्वतः लिहून दिले होते, आणि मला वाटते त्या सबंध भेटीतला सर्वांत उपयोगी भाग तोच होता. थंडी वाजून ताप आला, गोळी घेऊनही कळ थांबेना, उलट्यांमुळे पाणीही पोटात राहीना, लघवी बंद झाली किंवा अगदी थोडी होऊ लागली, पोट ठरावीक वेळाने घट्ट होऊ लागले, अंगावरून रक्त किंवा पाणी गेले, बाळाची हालचाल कमी वाटली, तर दिवस-रात्र न पाहता निघायचे. त्यातही तापाखाली दोन रेघा होत्या. अडलेल्या लघवीत जंतू वाढले तर ते काही तासांत रक्तात पसरू शकतात आणि त्यातून मुदतीपूर्वी प्रसूतीही होऊ शकते, असे त्यांनी ह्यांना वेगळे बोलावून समजावले.

पुढचे तीन-चार आठवडे वाट पाहण्यात गेले. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या मर्यादेत, आणि फारच झाले तर जवळच्या रुग्णालयात जाऊन इंजेक्शन. एका औषधांच्या दुकानात ह्यांना 'पोटदुखीवर पक्की' म्हणून डायक्लोफिनॅकची पट्टी देऊ केली गेली होती. मुतखड्याच्या कळेवर एरवी तेच औषध देतात हे खरे आहे, परंतु गरोदरपणात, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, या गटातल्या वेदनाशामकांनी गर्भजल कमी होऊ शकते आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी हे आधीच बजावलेले असल्याने ती पट्टी घरी आली नाही. कोणत्याही दुकानात गोळी घेताना 'बाई गरोदर आहे' हे वाक्य आधी बोलावे, कारण घेणारा बहुधा पुरुष असतो आणि दुकानदार त्यालाच रोगी समजतो.

घरगुती उपायांचा तर पाऊस पडला. पानफुटीची पाने, सराट्याचा काढा, कुळथाचे कढण, आणि माझ्या एका दूरच्या दिरांनी ह्यांना सुचवलेली बिअर. डॉक्टरांना यातले सगळे (बिअर सोडून) मी विचारले. कुळीथ अन्न म्हणून जेवणात खायला त्यांची हरकत नव्हती, पण काढे आणि पाने गरोदरपणात घेऊ नका, त्यांचा बाळावर काय परिणाम होतो याची खात्री नाही, असे ते म्हणाले. दुसरा सल्ला जवळजवळ प्रत्येक जण देई तो असा की कॅल्शियमच्या गोळ्या आणि दूध बंद कर, खडा त्याचाच होतो. हा सल्ला डॉक्टरांनी पूर्ण खोडून काढला. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला, म्हणजे अन्नातल्या खडा बनवणाऱ्या घटकाला, धरून ठेवते आणि ते शौचावाटे जाते. कॅल्शियम बंद केले तर उलट ऑक्झलेट रक्तातून मूत्रपिंडात जास्त पोहोचते, शिवाय बाळाच्या हाडांचे नुकसान होते. म्हणून कॅल्शियमची गोळी दोन्ही जेवणांसोबत आणि लोहाची गोळी त्यापासून दोन तास तरी लांब, असे वेळापत्रक ठरले. कमी करायचे ते मीठ, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात मीठ म्हणजे लोणचे, पापड, सांडगे आणि तिखटमीठ लावलेली कैरी. पाचव्या-सहाव्या महिन्यात कैरी सोडणे मला पाण्यापेक्षा जड गेले.

पाण्याचा हिशेब असा ठेवला होता. एक लिटरची बाटली दिवसातून तीन वेळा संपवायची आणि उन्हाचे प्रमाण वाढले तर चौथी भरायची. डॉक्टरांचे लक्ष प्यायलेल्या पाण्यापेक्षा होणाऱ्या लघवीकडे होते. ती दिवसाला दोन लिटरच्या आसपास आणि रंगाने फिक्कट असावी. एप्रिलच्या शेवटी पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर असताना घामातच इतके जाते की तीन लिटरांत भागत नाही. शहाळे परवडत नव्हते, म्हणून मीठ-साखर न घालता लिंबूपाणी. प्रत्येक वेळी लघवी पांढऱ्या सुती फडक्यातून गाळायची, म्हणजे खडा पडला तर सापडेल. हे काम किळसवाणे वाटते आणि एकत्र कुटुंबात ते लपतही नाही, पण सासूबाईंनी न्हाणीघरात त्यासाठी वेगळा डबा आणि फडकी ठेवून दिली आणि त्याविषयी कधी एक शब्द काढला नाही. झोपताना डाव्या कुशीवर, म्हणजे दुखऱ्या बाजूच्या उलट, झोपल्याने गर्भाशयाचा भार उजव्या मूत्रवाहिनीवरून हलतो, आणि याचा फरक मला खरोखर जाणवला.

खडा पडला नाही. ४ मे, रविवारी रात्री दहाच्या सुमारास दात वाजतील अशी थंडी भरली. बाहेर झळा होत्या आणि मी दोन गोधड्या घेऊन पडले होते. ताप १०२ च्या वर. ह्यांनी केसपेपर उलटा करून वाचला आणि १०८ ला फोन लावला. (नियमित तपासणीसाठी आणि प्रसूतीसाठी गरोदर बाईला १०२ची गाडी मिळते, जीवाला धोका असलेल्या वेळी १०८.) अमरावतीला आधी डफरीनमध्ये, म्हणजे जिल्हा स्त्री रुग्णालयात, पोट आणि बाळ तपासले. कळा नव्हत्या, ठोके जलद होते. सलाईन आणि गरोदरपणात चालणारे प्रतिजैविक सुरू झाले आणि पहाटे 'सुपर'ला हलवले. लघवीचे कल्चर, म्हणजे त्यात कोणते जंतू आहेत याची तपासणी, पाठवले गेले. त्याचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून तोवर अंदाजाने औषध चालू ठेवतात. नव्या सोनोग्राफीत सूज वाढलेली होती आणि उजवीकडची चिळकांडी आता दिसत नव्हती.

५ मेला दुपारी डीजे स्टेंट घालायचे ठरले. आमच्याकडे याला नळी टाकणे म्हणतात. ही मऊ, बारीक नळी मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत आतल्या आतच असते, दोन्ही टोकांना वळलेली असते म्हणून सरकत नाही, आणि खडा जागीच असला तरी तिच्यामुळे लघवी खाली उतरते. कमरेतून भूल दिली. टेबलावर उजव्या कमरेखाली उशी सरकवून मला डावीकडे कलते ठेवले होते, नळीची जागा एक्स-रेऐवजी सोनोग्राफीवर पाहिली, आणि आत नेण्याआधी व बाहेर आणल्यावर बाळाचे ठोके मोजले. मी जागी होते. तुंबलेली लघवी सुटल्यावर डॉक्टर "गढूळ आहे, बरे झाले आजच केले" एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला.

या सगळ्या धावपळीत कागदांचे एक वेगळेच प्रकरण चालू होते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून कोणत्याही रंगाच्या शिधापत्रिकेच्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि मूत्रविकारांच्या अनेक शस्त्रक्रिया त्यात बसतात. परंतु लग्नाला वर्ष झालेल्या बायकांची जी नेहमीची अडचण, तीच माझी होती. सासरच्या शिधापत्रिकेवर माझे नाव चढलेले नव्हते, ते कारंजा लाडला माझ्या वडिलांच्याच शिधापत्रिकेवर होते. आधारवरही माहेरचेच नाव. आणि केसपेपरवर सासरचे. रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राने शांतपणे सांगितले की तातडीची वेळ असल्याने फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतील, मात्र दोन्ही नावे एकाच बाईची आहेत याचा पुरावा हवा. माझा भाऊ मूळ शिधापत्रिका घेऊन मोटारसायकलने निघाला आणि आमच्या ग्रामपंचायतीतून घेतलेला विवाह नोंदणीचा दाखला ह्यांनी मोबाइलवरून दाखवून नंतर त्याची प्रत दिली. तेवढ्यावर मंजुरी आली. यापुढे मी प्रत्येक ठिकाणी, अगदी सोनोग्राफीच्या चिठ्ठीवरसुद्धा, आधारवर आहे तेच नाव लावले. नव्या लग्नाच्या मुलींनी दिवस जाण्याची वाट न पाहता शिधापत्रिकेतले नाव हलवून घ्यावे. माहेरच्या तहसीलमधून नाव कमी झाल्याशिवाय सासरी चढत नाही आणि या दोन पायऱ्यांच्या मधेच महिने जातात.

नळी घातल्यावर सगळे थांबेल अशी माझी कल्पना होती, तसे झाले नाही. जोराच्या कळा थांबल्या, पण लघवीला सारखी घाई, लघवी करताना कुशीत मागे ओढ लागल्यासारखे दुखणे, आणि उन्हातून चालून आले की लघवी लालसर. आधीच बाळाचा भार मूत्राशयावर, त्यात नळीचे टोक. हे अपेक्षित आहे, पाणी वाढवा, गुठळ्या पडल्या किंवा ताप आला तर या, असे उत्तर मिळाले. रात्री उठणे इतके वाढले की ह्यांनी अंगणातल्या संडासापर्यंत बल्ब लावून दिला. तासिका मी मे महिन्यात तशाही घेत नव्हते. मात्र पेपर तपासण्याचे जे काम मिळणार होते ते सोडावे लागले, आणि तासिका तत्त्वावर काम नाही म्हणजे पैसे नाहीत.

नळी बदलण्याविषयी कोणी आधी बोलले नव्हते असे नाही, पण तापाच्या दिवशी ऐकलेले डोक्यात राहत नाही. एरवी अशी नळी तीन महिन्यांपर्यंत ठेवता येते. गरोदरपणात लघवीतून कॅल्शियम जास्त जाते आणि नळीवर त्याचा थर लवकर चढतो, म्हणून चार ते सहा आठवड्यांनी ती बदलतात. थर चढलेली नळी काढणे हे खड्यापेक्षा अवघड होऊन बसते आणि विसरून राहिलेल्या नळ्यांचे रुग्ण आमच्याकडे येतच असतात, असे वॉर्डातल्या सिस्टरने सांगितले. तिने नळीची तारीख माझ्या माता-बाल संरक्षण कार्डावर लाल शाईने लिहिली आणि आम्ही घरी कालनिर्णयवर बदलाची तारीख गोल केली. १६ जूनला पहिला बदल झाला. मृग लागून पेरणीची घाई चाललेली, म्हणून सोबत ह्यांच्याऐवजी माझा भाऊ होता. दुसरा बदल २८ जुलैला. दोन्ही वेळा जुन्या नळीच्या टोकाला वाळूसारखा खर दिसला. दोन्ही वेळा एक दिवस राहून घरी आले आणि लिहिण्यासारखे दुसरे काही घडले नाही.

मधल्या काळात दोन रुग्णालयांचे कागद एकमेकांना दाखवण्याचे काम माझ्याकडे होते. स्त्रीरोगाचे डॉक्टर बाळाची वाढ पाहत, मूत्रविकाराचे डॉक्टर नळी पाहत. प्रत्येक भेटीत दोन ओळी लिहून घ्यायच्या, एक "सध्या काय चालू आहे" आणि दुसरी "पुढे कधी यायचे", आणि सर्व कागद तारखेच्या क्रमाने एकाच फाइलमध्ये, वर ताजा, असे ठेवल्याने नव्या डॉक्टरांना माझी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागत नसे. लघवीची तपासणी दर महिन्याला होत होती. हिमोग्लोबिन ९.६ वरून ११ च्या जवळ गेले.

प्रसूतीचे म्हणाल तर ती या सगळ्यात सर्वांत सोपी गेली. नळी आहे म्हणून सिझेरियनच करावे लागते असे नाही, हे दोन्ही डॉक्टरांनी सांगितले होते, तरी घरात कोणाचा विश्वास नव्हता. पोळ्याच्या आठवड्यात, २३ ऑगस्टला, डफरीनमध्ये साधी प्रसूती होऊन मुलगी झाली, वजन २ किलो ७०० ग्रॅम. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, औषधे, तपासण्या, जेवण आणि घरी सोडणारी गाडी हे सर्व विनामूल्य असते, आणि तसे ते मिळाले.

सव्वा महिना होण्याआधीच पुन्हा निघावे लागेल हे सासूबाईंना रुचले नव्हते. तथापि नळी आत होती आणि थांबण्यालाही मर्यादा होती. सप्टेंबरमध्ये प्रथमच सीटी स्कॅन झाला, त्यात खडा ९ मिमीचा निघाला. हा स्कॅन औषध न टोचता केलेला असल्याने त्यानंतर बाळाला दूध पाजायला काहीच हरकत नसते. नवरात्र चालू असताना, २४ सप्टेंबरला, मूत्रमार्गातून दुर्बीण घालून लेझरने खडा फोडला आणि तुकडे काढले. भूल कमरेतूनच होती. बाळ वॉर्डाबाहेर माझ्या आईजवळ होते, आत जाण्याआधी पाजले आणि बाहेर आल्यावर तासाभरात पुन्हा पाजले. कोणती औषधे दुधातून जातात हे विचारूनच घरी जायच्या गोळ्या लिहून घेतल्या. सूज उतरेपर्यंत एक नवी नळी ठेवली होती, ती ७ ऑक्टोबरला जेल लावून, भूल न देता काढली. ते काही मिनिटांचे काम आहे. ओरडण्यासारखे दुखत नाही, पण लाज आणि ताण मोठा असतो; सोबत स्त्री परिचारिका हवी असे मी सांगितले, आणि ती लगेच आली.

खर्चाचे लोक हमखास विचारतात. नळी, तिचे बदल आणि शेवटची शस्त्रक्रिया योजनेतून झाली, त्यासाठी काही भरावे लागले नाही. अमरावतीच्या एका खासगी रुग्णालयात पहिल्या नळीसाठीच पस्तीस हजारांचा अंदाज सांगितला होता. आमच्या खिशातून गेले ते खासगी सोनोग्राफीचे, बाहेरच्या काही औषधांचे, खड्याच्या तपासणीचे साडेबाराशे, आणि मुख्यतः सोबतच्या माणसाचे जेवण, मुक्काम व गाडीभाडे. सगळे मिळून अठरा-एकोणीस हजारांच्या घरात. एसटीत माझे अर्धे तिकीट होते, सोबत्याचे पूर्ण. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ३,००० रुपये जुलैमध्ये खात्यात आले. उरलेले २,००० बाळाच्या जन्मनोंदणीनंतर आणि पहिल्या लसींचा टप्पा पूर्ण झाल्यावर मिळतात, त्याचा अर्ज अंगणवाडीताईंकडे दिला आहे.

खडा कॅल्शियम फॉस्फेट आणि ऑक्झलेट असा मिश्र निघाला. गरोदरपणातल्या खड्यांत फॉस्फेटचा भाग अधिक आढळतो, असे डॉक्टरांनी सांगितले. पुढच्या खेपेला पुन्हा होईल का, असे मी विचारले. होऊ शकतो, म्हणून दिवस राहण्याआधीच एक सोनोग्राफी करून या, असे उत्तर मिळाले. बाळाचे अंगावरचे दूध चालू असेपर्यंत पाणी तसेही जास्त लागते, आणि चोवीस तासांची लघवी साठवून करायची तपासणी दूध सुटल्यावर करायची आहे. पुढची सोनोग्राफी एप्रिल २०२६ मध्ये आहे. महाविद्यालयात मी डिसेंबरपासून पुन्हा जाऊ लागले असून, शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाला कडी आणि पाणी मिळावे असा अर्ज आम्ही सहा जणींनी सह्या करून प्राचार्यांकडे दिला आहे. कडी बसली आहे, पाण्याच्या टाकीची जोडणी अजून व्हायची आहे.